नाकाचा घ्यावा की तोंडाचा?

आमच्या खोलीत खरं तर किस्से कमी व्हायला हवेत. इथे येणाऱ्याच्या तोंडावर मी मास्क बसवते आणि मास्क लावलेल्या माणसाला धड बोलता येत नाही. पण मास्क काढला रे काढला, की साठलेलं सगळं बाहेर! रोज एक तरी किस्सा पदरात पडतो. लिहून ठेवीन म्हणते आणि राहतं.

मी रत्नागिरीत एका डॉक्टर मॅडमकडे टेक्निशियन आहे. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, म्हणजे स्लीप अॅप्निया, त्यांना मॅडम मशीन देतात. मशीनची हवा नळीतून मास्कमध्ये आणि मास्कमधून माणसात. मशीन मॅडम ठरवतात. पहिला मास्क मात्र मी पेशंटलाच निवडू देते, कारण रोज तो घेऊन झोपायचंय त्याला! तऱ्हा तीन: नाकपुड्यांना टेकणारा चिमुकला, नाक झाकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा. नव्या पेशंटना मी बुधवारी एकत्रच बोलावते. एकमेकांना बघून जरा धीर येतो.

त्या बुधवारी तिघे होते.

*

पहिले बापूशेठ, आंब्याच्या बागा असलेले. मास्कच्या तिन्ही तऱ्हा मी समोर मांडल्या. शेठनी एक उचलला, अंगठ्याने हलकेच दाबला, उलटा करून वाससुद्धा घेतला!

“ताई, हा अजून घट्ट आहे.”

“शेठ, सिलिकॉन आहे ते. पिकत नाही.”

“पिकत नाही? मग निवडायला घाई कसली!” म्हणाले आणि उठून चहाला गेले.

*

दुसरे हमीदचाचा. तीस वर्षं बोटीवर काढून घरी आलेले. मोठा मास्क लावला, पट्टे आवळले, मशीन सुरू केलं. चाचा ताडकन उठले ते थेट दाराकडे! नळी ताणली, मशीन टेबलावरून पडता पडता मी धरलं.

“चाचा, काय झालं?”

“अगो बेटी, तीस वर्षं बोटीवर आगीचं ड्रिल केलंय. असलं तोंडावर चढलं, की पडून राहायचं नाय, बाहेर पळायचं!”

त्यांना चिमुकला मास्क दिला. आठ दिवसांनी चाचींचा फोन आला. मला वाटलं, तक्रार असणार.

“मशीन चांगलं आहे. पण ह्यांचा आवाजच नाय आता. मधेच जाग येते नि वाटतं, परत बोटीवर गेले की काय.”

मी म्हटलं, “चाची, हात लावून बघत जा.”

*

तिसरा सीताराम, पालीकडच्या एका गावचा. सोबत बायको, सुगंधा. सीताराम शाळेची बस चालवायचा. एका दुपारी रिकामी बस त्याने भाताच्या खाचरात उतरवली. डोळा लागला होता. कुणाला खरचटलं नाही, पण तपासणीत श्वास अडकतो हे निघालं. मॅडमनी बजावलं, “मशीनवरची महिनाभराची झोप मला नीट दिसली, की मगच चिठ्ठी देईन. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.”

वीस वर्षं बस चालवलेला माणूस. मास्क हातात घेऊन नुसता फिरवत बसला. “ताई, चुकीचा घेतला तर गाडी गेली ना माजी?”

मी म्हटलं, “बदलता येतो रे!” पण त्याला ते पटेना. चिमुकला त्याला नकोच होता. उरलेल्या दोन्ही मास्कचे फोटो काढून घेतले आणि म्हणाला, “इचारून सांगतो.”

मला वाटलं, भावाला विचारणार. हा पठ्ठ्या गेला ग्रामदेवीला कौल लावायला!

*

मोबाइलवर डावीकडे मोठ्या मास्कचा फोटो, उजवीकडे नाकाच्या. देवळातल्या गुरवकाकांनी देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या; आधी पडेल तो कौल, उजवी पडली तर होकार. आणि नेहमीसारखं सांगितलं, “प्रश्न मनात धर.” उजवी कळी पडली. सीताराम दुसऱ्या दिवशी हजर! “नाकाचा द्या. देवीनं दिलाय.”

अडचण अशी, की सीताराम झोपला की त्याचं तोंड सताड उघडं. नाकातून गेलेली हवा तोंडातून बाहेर. पंधरा दिवसांनी मशीनचा रिपोर्ट काढला, तर श्वास अडकायचा तसाच अडकतोय. मॅडम म्हणाल्या, “मोठा लाव.” तो म्हणाला, “तुमचं ऐकलं असतं मॅडम, पन देवीचा कौल मोडू कसा?”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. कोकणातली ना मी! त्यांना वाटलं, माझ्याकडे यावर काहीतरी औषध असणार.

*

रविवारी मोठा मास्क पिशवीत टाकला आणि स्कूटरवरून गेले त्यांच्या गावाला. सीताराम मशीन घेऊन देवळात आला. मागून सुगंधा. मला वाटलं होतं, गुरवकाका रागावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सीतारामला एवढंच विचारलं, “त्या दिवशी मनात प्रश्न काय धरलावतास?”

सीताराम खाली बघत म्हणाला, “धरायला गेलो मास्कचाच. पन हात जोडले नि मनात गाडीच आली. म्हटलं, आई, माजी गाडी मना परत मिळंल का?”

“आनि कळी उजवी पडली.”

“व्हय.”

“मग देवीनं गाडीला हो म्हटलंय. मास्कचं तिला इचारलंय कोनी?”

मी हसू दाबलं. सीतारामला हसू आलं नाही, त्याचे डोळेच भरले. “ताई,” म्हणाला, “मोठा द्या.”

सभामंडपात पंख्याच्या पॉइंटला मशीन जोडलं. सतरंजीवर त्याला आडवा केला, मास्क बसवला, पट्टे सारखे केले. नुसतं कुठून हवा सुटते का ते बघायचं होतं. पाच मिनिटांत गडी झोपला! आवाज नाही, धाप नाही. छाती एकसारखी खालीवर. सुगंधा त्याच्या उशाशी बसली आणि ती हलेचना.

दुपारी माणसं दर्शनाला यायला लागली. घंटेकडे हात गेला, की सुगंधा ओठांवर बोट ठेवायची. माणसं घंटेला नुसता हात लावून नमस्कार करून जात होती. गुरवकाकांनी आरतीसुद्धा टाळ्या न वाजवता म्हटली.

एक म्हातारी काठी टेकत आली. सतरंजीवर आडवा माणूस, तोंड झाकलेलं, उशाशी बायको, सगळं चिडीचूप. ती जागीच थबकली आणि हळूच म्हणाली, “कोन गेला गो?”

“कोन नाय गेला, आजी,” सुगंधा म्हणाली. “आमचे हे झोपलेत.”