जिभेची जागा

अपेक्षा इंगळे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी जपानी शिकायला बसली, ती काही हौसेनं नाही. देवासच्या इंडस्ट्रियल एरियात गिअरचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, तिथं ती स्टोअर सांभाळायची. कारखान्यानं जपानी कंपनीशी करार केला. भोपाळहून आणलेला दुभाषा सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला, तेव्हा साहेबांनी ऑफिसातल्या तिघांना इंदूरच्या क्लासला घातलं. दोघांनी दिवाळीपर्यंत नाद सोडला. अपेक्षा टिकली.

टिकण्याला कारण घडलं ते पहिल्याच आठवड्यात. मेजाला जपानीत म्हणतात त्सुकुए. वर्गात कुणी चुकुए म्हणे, कुणी सुकुए. अपेक्षाच्या तोंडून मात्र तो उच्चार पहिल्या झटक्यात सुटला, कारण तो घरचाच होता. चुलीतला च, चोरातला च. मास्तर चकित झाले. "मॅडम, घरी कोणती भाषा बोलता?"

"मराठी," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला जरा नवलच वाटलं. मराठीमुळे तिचं कौतुक असं कधी झालंच नव्हतं.

इंगळ्यांची ही सातवी पिढी देवासात. पूर्वज देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या शाखेच्या, दरबारात चाकरीला होते. वडील उदाजीराव वीज मंडळातून रिटायर झालेले. घरात वडिलांना आबासाहेब, आईला आईसाहेब अशा हाका, देवघरात जुनी मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी-माळवी. अपेक्षाची शाळाही हिंदीच. एकोणिसाव्या वर्षी ती पुण्याला मामेबहिणीच्या लग्नाला गेली, तिथं कुणीतरी खालून हाक मारली आणि ती जिन्यातून ओरडली, "अहो, मी येऊन राहिली ना!" सगळी खोली हसली. मामेबहिणीनं तर ते वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. हसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या दिवसापासून पुण्याच्या नातेवाइकांसमोर अपेक्षा मोजून मापून बोलू लागली. इंदूर-देवासात तिला लोक मराठी म्हणून ओळखत, पुण्यात हिंदीवाली म्हणून.

जपानी पहिल्यापासून शिकायची होती, पाटी कोरी होती. तिनं मनाशी ठरवलं, ही भाषा अशी बोलायची की फोनवर ऐकणाऱ्याला ही बाई कुठली हा प्रश्नच पडू नये.

मग पुढची आठ वर्षं ती रोज सकाळी गच्चीवर उभी राहून कानात इअरफोन घालायची आणि जपानी बातम्यांतलं हवामान, बोलणारीच्या मागोमाग, सावलीसारखं म्हणायची. स्वतःचा आवाज फोनमध्ये भरायची, ऐकायची, पुसायची. आबासाहेब तिथंच खुर्ची टाकून चहा घेत. आईसाहेब खालून म्हणायच्या, "अगं, देवाचं नाव तरी इतक्यांदा घे!"

दर शनिवारी तिची ऑनलाइन शिकवणी असे. जपानीत शिक्षकाला सेन्सेई म्हणतात. शिकवणाऱ्या मोरिता-सेन्सेई सत्तरी उलटलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या बाई. हातात पेन्सिल. शब्दात स्वर जिथं खाली उतरायचा तिथं त्या मेजावर पेन्सिल टेकवत. हाशि म्हणजे जेवायच्या काड्या आणि हाशि म्हणजे पूलही. अक्षरं तीच, फरक फक्त चढउताराचा. अपेक्षा पुलावरून जाता जाता हमखास काड्यांवर येऊन पडायची.

एका शनिवारी तिनं सरळ विचारलं, "सेन्सेई, मी कधी जपानी माणसासारखी बोलेन का?"

सेन्सेईंनी पेन्सिल खाली ठेवली. "बहुतेक नाही," त्या म्हणाल्या. "मोठेपणी शिकणारे काही जण फार जवळ जातात. पाच मिनिटं फोनवर कळतही नाही. पण दमले, रागावले, घाबरले, की आईची भाषा वर येते. तुमच्या बाबतीत खोटी आशा दाखवायला मला आवडणार नाही."

त्या दिवशी अपेक्षा जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेली, कारण सवय झाली होती.

कारखान्यात तेव्हा किताजिमा-सान (सान हा जपानीतला 'जी') म्हणून एकसष्ट वर्षांचे इंजिनीयर होते. जपानहून तीन वर्षांसाठी आलेले. धार जिल्ह्यात कंपनीचं दुसरं युनिट होतं, तिथं दर मंगळवारी ते जात, आणि अपेक्षा दुभाषी म्हणून बरोबर. माणूस मोजकं बोलणारा. मशीनला कान लावून बेअरिंग कुठं घासतंय ते सांगणारा. तिचं बोलणं त्यांनी कधी सुधारलं नाही आणि वाखाणलंही नाही. गाडीत ते शेंगदाणे खात आणि अर्धे मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवत.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी धारच्या युनिटमध्ये ते बोलता बोलता थांबले. तोंडाची उजवी बाजू ओघळली. हातातलं मापायचं कॅलिपर खाली पडलं. ते काहीतरी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अपेक्षाला त्यांचं एक अक्षरही कळलं नाही. तिला वाटलं, आपलंच जपानी गेलं.

फोरमन फत्तेसिंग ओरडला, "दीदी, लकवा है, गाडी निकालो!" आणि त्यानंच गाडी इंदूरच्या दवाखान्यात वेळेत पोचवली. जीव वाचला. उजवा हात आणि जीभ मात्र लुळी पडली. समजत सगळं होतं, शब्दही डोक्यात शाबूत होते, पण ते तोंडावाटे लापशीसारखे येत. डॉक्टरांनी दीड महिना विमानप्रवासाला मनाई केली.

चौथ्या दिवशी त्यांची बायको साचिको-सान आली. लहानशी, नीटनेटकी. नवरा बोलू लागला की ती पुढं झुकून ऐकायची, मान हलवायची, आणि कॉरिडॉरमध्ये येऊन अपेक्षाला विचारायची, "तुम्हाला कळलं का ते काय म्हणाले?"

"नाही," अपेक्षा म्हणायची. दोघी तिथंच बाकावर बसून राहत.

बोलणं परत आणायला धीरज नावाचा तिशीतला थेरपिस्ट येत असे. पहिल्याच दिवशी त्यानं डोकं खाजवलं. "मॅडम, हिंदी असती तर मी कामाला लागलो असतो. मला जपानी येत नाही, तुम्हाला थेरपी येत नाही. आपण दोघं मिळून एक माणूस होऊ या."

तेव्हा अपेक्षाला जे कळलं त्याची तिनं कल्पनाही केली नव्हती. साचिको-सानला धीरज विचारी, "हा फु कसा काढतात?" तर ती बिचारी नुसतं फु म्हणून दाखवी. ओठांचं काय होतं, हवा कुठून जाते, तिला सांगता येईना. ती तो कधी शिकलीच नव्हती, तो आपोआप आला होता. अपेक्षानं मात्र त्या एका फुवर पावसाळाभर झटापट केली होती. ती म्हणाली, "दात ओठाला लावायचे नाहीत. निरांजनावर हलकी फुंकर घालतो ना, तसं." धीरजनं किताजिमा-सानच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली. पट्टी हलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी थरथरली.

दवाखान्यातून सुटल्यावर त्यांना देवासच्या गेस्ट हाउसमध्ये आणलं. ते इंगळ्यांच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर. अपेक्षा कामावर जाण्याआधी तास आणि आल्यावर तास आरसा घेऊन त्यांच्यासमोर बसे. पा, ता, का, रा. पातळ पदार्थांनी ठसका लागतो म्हटल्यावर आईसाहेब मक्याची राबडी, माळव्यातली पेजच ती, घट्ट करून डब्यात देऊ लागल्या. आबासाहेबांनी बाजारातून शाळकरी पाटी आणून दिली, डाव्या हातानं लिहायला.

धीरजनं साचिको-सानला सांगितलं होतं, रोजच्या वापरातले शब्द निवडा. तिनं यादी केली: चहा, पाणी, वर्तमानपत्र, कुत्र्याचं नाव. एका संध्याकाळी ती औषधं आणायला गेली होती, तेव्हा किताजिमा-साननी पाटी ओढली आणि वेडीवाकडी तीन अक्षरं काढली. सा, चि, को. मग बोट ओठांवर ठेवलं. तिला सांगू नका.

घरी येऊन अपेक्षानं आईसाहेबांना सांगितलं. मुलं झाल्यापासून हा माणूस बायकोला आई म्हणूनच हाक मारत होता, तीस वर्षं.

"आमच्याकडे तरी काय वेगळं?" आईसाहेब आबासाहेबांकडे न बघता म्हणाल्या. "यांनी माझं नाव एकदा घेतलं, लग्नात, उखाण्यात. तेही चार बायकांनी अडवून धरलं तेव्हा."

आबासाहेबांनी पेपर वर केला.

सा आला, को आला. मधला चि येईना. कधी ति येई, कधी शि. अपेक्षा सांगे, "जिभेचं टोक खालच्या दातांमागे. मधला भाग वर टाळूला. हवा अडवा. आता सोडा." धीरजनं युक्ती दिली, टाळूला नेमक्या जागी कापसाच्या काडीनं मधाचा ठिपका लावायचा, म्हणजे जीभ आपसूक तिथं जाते. साठी उलटलेला इंजिनीयर आरशात बघत टाळूवरचा मध शोधायचा आणि घामाघूम व्हायचा.

पण अपेक्षाला वेगळीच काळजी लागली. त्या नावाचा स्वर सा नंतर उतरायला हवा, आणि तिचा तो कधी उतरे, कधी नाही. तिनं आपला आवाज भरून सेन्सेईंना पाठवला आणि शनिवारी रडवेली होऊन म्हणाली, "मी त्यांना त्यांच्याच बायकोचं नाव चुकीचं शिकवतेय. तुम्ही शिकवा ना त्यांना. तुमचं तोंड जन्मापासून जपानी आहे."

सेन्सेईंनी तिचा आवाज पुन्हा एकदा लावून ऐकला. "दहा वेळांत चार वेळा चुकता," त्या म्हणाल्या. "ते खरंय. पण मला कुणी विचारलं, चि म्हणताना जीभ कुठं असते, तर मला आता बोट घालून बघावं लागेल. मी त्या घरात जन्मले, म्हणून दार कुठं आहे ते मी कधी शोधलं नाही. ते आज घराबाहेर उभे आहेत. त्यांना दार दाखवणारं माणूस हवंय, आणि तुम्ही ते दार अंधारात चाचपून शोधलंय. सूर मागाहून बघू."

अपेक्षानं फोन ठेवला, तोंड धुतलं आणि आरसा उचलला.

त्या शनिवारनंतर नवव्या दिवशी साचिको-सान खिडकीशी सफरचंद सोलत होती. पलंगावरून आवाज आला. जाड, ओला, सावकाश.

"साऽ… चि… को."

तिच्या हातातली सुरी थांबली. ती वळली नाही. तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी चि अगदी स्वच्छ आला. मग ती आली, पलंगाच्या काठावर बसली आणि नवऱ्याचा लुळा हात मांडीवर घेऊन रडता रडता हसायलाच लागली.

"अपेक्षा-सान," ती म्हणाली, "हे तुमच्यासारखं म्हणतात! स्वर वरच राहतो शेवटी. अगदी तुमचाच!"

अपेक्षा ओशाळली. ती उठून वाकली. "माफ करा. माझी चूक आहे. मी आजच दुरुस्त…"

"नको," साचिको-सान म्हणाली. "बाकी सगळं दुरुस्त करा. एवढं राहू द्या."

किताजिमा-सानचा अर्धा ओठ हसला. अर्धाच हसत असे तेव्हा.

दीड महिन्याची मनाई संपल्यावर ते दोघं जपानला परतले. विमानतळावर किताजिमा-साननी डाव्या हातानं अपेक्षाच्या तळहातावर शेंगदाण्यांची पुडी ठेवली आणि तिच्याकडे न बघता व्हीलचेअर पुढं घ्यायला सांगितलं. अपेक्षानं पुडी पर्समध्ये ठेवली.

पुढची गोष्ट थोडी आहे. कंपनीनं नवा इंजिनीयर पाठवला. त्याला पहिल्याच वाक्यात कळलं की ही बाई जपानी नाही. त्यानं विचारलं, "कुठं शिकलात?" ती म्हणाली, "देवासात," आणि कामाचा कागद पुढं केला. त्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की या प्रश्नानं तिला काहीच झालं नाही. शनिवारची शिकवणी तिनं सोडलेली नाही. दहातले चार आता दोनवर आलेत, असं सेन्सेई म्हणतात, आणि सेन्सेई खोटं बोलत नाहीत. धीरजच्या दवाखान्यात ती महिन्यातून एक रविवार जाते. तिथं जपानी कुणी नसतं. खरगोनच्या, कन्नौदच्या, डहीच्या म्हाताऱ्या माणसांना क आणि त परत मिळवायचे असतात, आणि जीभ कुठं ठेवायची ते ती सांगते.

यंदा आषाढात एका रविवारी सकाळी किताजिमा-सानचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना काहीतरी वाचून दाखवायचं होतं. वर्तमानपत्रातला परिच्छेद होता, त्यांच्या गावच्या नदीवर नवीन बांध घालताहेत त्याचा. अपेक्षानं फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला. ते वाचू लागले. एका ओळीला मिनिट लागत होतं. मध्ये अडले की साचिको-सानचा हात चित्रात येई आणि ओळीखाली बोट धरी. अपेक्षाच्या ओठांची आपोआप हालचाल होत होती. आईसाहेब हात पुसत येऊन दारात उभ्या राहिल्या.

आबासाहेबांना जपानीतलं ओ की ठो कळत नाही. पण ते पेपर बाजूला ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन, संपेपर्यंत ताठ बसून ऐकत राहिले. आठ मिनिटं लागली. शेवटचं वाक्य संपल्यावर ते पुढं वाकून फोनमध्ये मोठ्यांदा म्हणाले, "वा! फार सुरेख बोलता तुम्ही!"

"काय म्हणतात ते?" किताजिमा-साननी विचारलं.

अपेक्षानं त्याचं जपानी करून सांगितलं.