ऑगस्टमध्ये भरलेल्या जागा

जानेवारीत लॉ स्कूलला गेल्याचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की त्यातले किती जसेच्या तसे घडले आणि किती मी सांगता सांगता घडवले, याची आता मलाच खात्री नाही. तेव्हा ऐकताना थोडी सूट द्या.

इथे परदेशात, हार्बरफ्रंट या बंदराच्या भागातल्या शिपिंग कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा पदरी इंजिनिअरिंगची डॉक्टरेट होती आणि मनात कायद्याची हौस. बहुतेक जण ऑगस्टमध्ये प्रवेश घेतात. मी ऑगस्टभर "जमेल का?" करत बसलो. शेवटी पत्नी, सुनीता, म्हणाली, "अहो, जानेवारीतही घेतात म्हणे. तोवर काय घाबरायचं ते घाबरून घ्या, मग जा!"

*

पहिलंच लेक्चर कॉन्ट्रॅक्टचं. बाईंनी थेट करार मोडल्यावर काय होतं, तिथून सुरुवात केली. मी हात वर केला. "मॅडम, पण मुळात करार होतो कसा?"

"ते ऑगस्टमध्ये झालं."

ऑगस्टच्या बॅचमधली हुई मिन मागे वळून, वाक्याला इथल्या सवयीचा 'ला' जोडत म्हणाली, "अंकल, लग्न होऊन गेलं. आता डिव्होर्सपासून बघा, ला!"

*

एकदा बाईंनी मलाच उभं केलं. "डॉक्टर, या दाव्यात चूक प्रतिवादीची आहे का?"

मला ठाम बोलायची भीती. म्हणालो, "साधारण साठ टक्के असावी. पण नक्की सांगता येत नाही."

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "हसू नका. दिवाणी दाव्यात एक्कावन्न पुरतात. डॉक्टर जिंकले!"

ज्या शंकेखोरपणापायी नोकरीत बोलणी खाल्ली, त्याचं पहिल्यांदाच कौतुक झालं.

*

तरी वर्गात आपण उपरेच, हे काही मनातून जाईना. ऑगस्टवाल्यांचे ग्रुप ठरलेले, खुर्च्या ठरलेल्या. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या सार्वजनिक जागेत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं, की ती जागा कुणीतरी धरली असं समजायचं. त्याला कुणी हात लावत नाही. वर्गातही तीच पद्धत. पहिल्या रांगेत, स्पीकरजवळच्या खुर्चीवर रोज पाकीट असायचं. बसायला मात्र कुणी येत नसे. मला कमी ऐकू येतं, पण दुसऱ्याची जागा कशी घ्यायची? मी शेवटच्या रांगेत जाऊन कान टवकारून बसायचो.

*

पुंगोल भागात राहणाऱ्या मुलाकडे गेलो, तेव्हा नातीने विचारलं, "आजोबा, यू ऑल्सो न्यू?" तीही त्याच जानेवारीत पहिलीत गेली होती.

"हो गं. पण बाकीचे ऑगस्टमध्येच आलेत."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "स्कूल तर जॅन्युअरीत सुरू होतं. दे केम टू अर्ली, ला!"

*

सेमिस्टरच्या मध्यावर मी नाव काढून घ्यायचं ठरवलं. अर्धं ऐकू येत नव्हतं, उरलेलं कळत नव्हतं. सुनीताला सांगितलं.

"काढा," ती म्हणाली. "पण आज डबा भरलाय. तो तिथे खा, मग काढा."

कॅन्टीनमध्ये डबा उघडला. हुई मिन आणि तिचा मित्र वेई जी ट्रे घेऊन समोर येऊन बसले. थालीपिठाचा तुकडा मोडत वेई जी म्हणाला, "अंकल, उद्या पण आणा."

उद्या म्हटल्यावर उद्या जावं लागलं. परवाही. नाव काढायचं राहूनच गेलं.

*

पदवी मिळून काही वर्षं झाल्यावर आम्ही तिघांनी हॉकर सेंटरमध्ये भेटायचं ठरवलं. वेई जीला उशीर होणार होता. हुई मिनने त्याच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि मला आठवलं.

"पहिल्या रांगेतली ती खुर्ची कुणाची होती गं?"

ती बघतच राहिली. "तुमची! तुम्हाला ऐकू यावं म्हणून. तुम्ही रोज तिच्याकडे बघून मागे जायचात. आम्हाला वाटलं, तुम्हाला आमच्यात बसायचं नाहीये. एवढे मोठे डॉक्टर, विचारायचं कसं?"

एका साक्षीवर विसंबू नये, एवढा कायदा मी शिकलो होतो. ती जेवण आणायला गेली आणि तेवढ्यात वेई जी आला. त्याला मी तिच्या माघारी तोच प्रश्न विचारला.

त्याने खुर्चीवरचं पाकीट उचललं आणि बसला. "तुमची, अंकल. रोज सकाळी मीच ठेवायचो."