ताईच्या बाजूचा ब्रेक

शिकवणाऱ्याला शिकवायचं कुणी?

हा प्रश्न मी तावडे काकांना विचारला, ताईच्या कोर्समधल्या सरांना विचारला, आरटीओच्या गेटवर चहा पिताना एका अनोळखी एजंटलाही विचारला. काका म्हणाले, "तू आधी तुझा टेम्पो हलव, माझ्या गाड्या अडकल्यात." सर नुसते हसले. एजंट म्हणाला, "लर्निंग काढायचंय का?"

मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे शिकणं-शिकवणं हा काही माझा विषय नाही. मी दहिसरहून टेम्पो काढतो आणि चेंबूरपर्यंत दुकानांना बिस्किटं पोचवतो. पण माझी मोठी बहीण मनीषा, म्हणजे आमची ताई, ड्रायव्हिंग स्कूलची इन्स्ट्रक्टर झाली. झाली, आणि थोड्याच दिवसांत गेली.

आता लोक घरी भेटायला येतात. चेहरे पाडून बसतात. मग कुणीतरी म्हणतं, "ती रिक्षातली गंमत आठवते का रे?" आणि बघता बघता लोकांच्या हातातला चहा हसून सांडतो. आईसुद्धा हसते, मग पदर तोंडाला लावते. गॅरेजच्या मागे जुने टायर साठतात ना, तसे ताईचे किस्से साठलेत आमच्या घरात. कुणी नेत नाही आणि टाकवतही नाहीत. म्हणून म्हटलं, सांगून टाकतो.

*

ताई आधी शाळेची व्हॅन चालवायची. मुलांना सोडायला आलेल्या आया व्हॅनच्या खिडकीशी थांबायच्या आणि हळूच विचारायच्या, "मला शिकवशील का गं गाडी? घरात कुणी हात लावू देत नाही." रोज एक तरी!

शेवटी ताई बोरिवलीला तावडे काकांच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गेली. काका म्हणजे सफारी सूट, कपाळाला गंध आणि आवाज असा की हॉर्न लाजेल.

"दहावी आहेस?"

"आहे."

"गाडी किती वर्षं चालवतेस?"

"व्हॅनच्या मालकांना विचारा. बरीच."

"गाडीखाली शिरलीयस कधी?"

"कशाला?"

"इन्स्ट्रक्टर व्हायला मेकॅनिकचं सर्टिफिकेट लागतं बाय. नुसतं स्टेअरिंग फिरवून होत नाही."

ताई घरी आली आणि माझी जुनी जीन्स घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती घालून मेकॅनिकच्या क्लासला!

*

क्लासमध्ये सगळी पोरं. पहिल्या दिवशी त्यांनी ताईला पंख्याखाली खुर्ची दिली आणि पाना हातात घेऊ दिला नाही. "राहू द्या ताई, हात काळे होतील."

ताई म्हणाली, "मग मी इथे काय मेंदी काढायला आलेय?"

मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. टेम्पोत माल तसाच ठेवून मी क्लासवर पोचलो, भांडायलाच. बघतो तर ताई गाडीखाली आडवी, फक्त पाय बाहेर, आणि तीच पोरं तिला एकेक पाना देतायत. आतून आवाज आला, "दिप्या, आलाच आहेस तर तो टॉर्च धर."

धरला. तसा मी भांडायला गेलो की ताई माझ्या हातात काहीतरी धरायला द्यायची. आता माझे हात मोकळेच असतात, त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

*

प्रॅक्टिकलची तयारी म्हणून ताईने माझा टेम्पो उघडला. रविवारी सकाळी, चाळीच्या अंगणात, अख्ख्या चाळीसमोर. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा जोडलं, टेम्पो चालू केला. झकास आवाज! फक्त एक नट उरला.

"हा कुठला गं?" मी ओरडलो.

"कंपनीने जास्तीचा दिला असेल."

"ताई, ती कंपनी आहे, भाजीवाली नाही वर कोथिंबीर द्यायला!"

आई मालवणची. तिने तो नट हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवला. म्हणाली, "हेच्याशिवाय गाडी चालता, म्हणजे देवच चालवता!"

ताई प्रॅक्टिकल पास झाली. टेम्पो अजून धावतो. नट अजून देव्हाऱ्यात आहे, रोज हळदकुंकू लागतं त्याला.

*

सर्टिफिकेट आलं, तरी काका ताईला लगेच शिकवायला बसवेनात. "गाडी येणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. आधी कुणावर तरी हात साफ कर." कुणावर म्हणजे माझ्यावर!

रविवारी काका जुनी गाडी द्यायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतात, इन्स्ट्रक्टरसाठी. काकांच्या गाडीत दोन्ही बाजूंचे ब्रेक एका सळईने जोडलेले होते. एकाने दाबला की दुसऱ्याचाही पेडल आपोआप खाली जायचा.

मी उजवीकडे, ताई डावीकडे. मी शिकाऊ. मी चुकायचं आणि तिने सुधारायचं.

पण मला चुकताच येईना! रोज टेम्पो हाणणारा माणूस मी. पाय आपोआप बरोबर पडायचे. ताई वैतागली. "नीट चुकायला काय होतं रे तुला? एवढी सफाईदार चूक कोण करतं?"

मग मी काकांच्या स्कूलसमोर उभा राहून खऱ्या शिकाऊ लोकांना बघू लागलो. एकजण वळताना स्टेअरिंगबरोबर स्वतःच आडवा व्हायचा. एकाला मागून हॉर्न दिला की तो डोळे मिटायचा. सगळं शिकून घेतलं. पुढच्या रविवारी मी लिंक रोडला असा चाललो की ताईने देवाचं नाव घेतलं. घाम पुसून म्हणाली, "आत्ता कसा माझा शहाणा भाऊ शोभतोस!"

*

एका रविवारी हवालदाराने अडवलं. पुढे-मागे लाल रंगाचा 'एल' आणि गाडी सापासारखी वळवळत चाललेली. "लर्निंग दाखव."

मी लायसन्स दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे तर पक्कं आहे. टेम्पोचं पण आहे. मग 'एल' लावून काय नाचतोस?"

"साहेब, मी हिला शिकवायला शिकवतोय."

"तो नाही साहेब," ताई म्हणाली, "मी त्याला शिकवतेय."

"त्याला येते ना?"

"येते. पण तो येत नाही असं करतोय."

हवालदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "असं करा, दोघांपैकी ज्याला येत नाही, त्याने खाली उतरा."

कुणीच उतरलं नाही. तेच निघून गेले.

*

ही ती रिक्षातली गंमत. चेंबूरला लग्नाला चाललो होतो. ताईला तेव्हा सवयच लागलेली, कुठेही बसली तरी उजवा पाय ब्रेक शोधायचा. रिक्षावाला जोरात, आणि समोर बस थांबली की ताईचा पाय धाडकन पत्र्यावर. आम्ही घाटकोपर ओलांडेपर्यंत रिक्षावाल्याने सहन केलं. मग मागे वळून हात जोडले.

"मॅडम, एक तो आप चलाओ, नहीं तो मुझे चलाने दो. दोनों मिलके नहीं होगा!"

ताईने खरंच विचार केला. म्हणाली, "आप पीछे बैठोगे?"

*

आता काकांचा नियम सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. काका म्हणायचे, "ब्रेक तू दाबलास हे शिकणाऱ्याला कळलं, तर तू नापास. त्याला वाटलं पाहिजे, गाडी आपणच थांबवली. मग उद्या तो खरंच थांबवतो."

ताईचं नाव इन्स्ट्रक्टर म्हणून लागायचं होतं तेव्हा आरटीओच्या साहेबांनी तिचे कागद बघितले, इंजिनाचे प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर. मग मजेत म्हणाले, "समजा मीच शिकाऊ आहे. शिकवा." आणि स्वतः उजवीकडे बसले. मी आणि काका मैदानाच्या कडेला, जीव मुठीत धरून.

साहेब मुद्दाम उलटसुलट चालवत होते. शेवटी गाडी थेट भिंतीकडे! आता ताई किंचाळणार, असं मला वाटलं. पण गाडी हळूच, लोण्यासारखी थांबली. भिंत अजून लांब होती.

साहेब उतरले ते बोलतच. "घाबरलात ना? अहो, मी थांबवणारच होतो. थांबवली की नाही बरोबर?"

"एकदम बरोबर, सर," ताई म्हणाली.

काकांनी माझ्या पाठीत असा धपका मारला की मी वाकलो. कानात म्हणाले, "पास! तुझी बहीण पास!"

*

ताईची पहिली विद्यार्थिनी देवधर काकू. नोकरीतून रिटायर झालेल्या. गाडी दारात होती, पण चावी कायम काकांकडे, म्हणजे त्यांच्या मिस्टरांकडे. काकू रस्त्यात कुणीही आडवं आलं की काच खाली करून "सॉरी हं" म्हणायच्या. कुत्र्यालासुद्धा.

काकूंचा क्लास अर्ध्यावर होता आणि ताई आजारी पडली. आजाराचं नाव लिहीत नाही. ते घेतलं की आई उठून आत जाते.

तावडे काका म्हणाले, दुसरा इन्स्ट्रक्टर देतो. काकू म्हणाल्या, "मला माझीच मॅडम हवी." आणि हॉस्पिटलात आल्या. पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या, चप्पल काढून पाय जमिनीवर लावले, हातात जेवणाची स्टीलची ताटली. ताई पडल्या पडल्या सांगायची, "क्लच दाबा. पहिला टाका. हळू सोडा... काकू, बंद पडली. परत." काकू परत चालू करायच्या. शेजारच्या पलंगावरची आजी खिडकीतून सिग्नल सांगायची!

सिस्टर आत आल्या आणि ओरडल्या, "काय चाललंय हे? व्हिजिटिंग अवर संपला!"

काकू म्हणाल्या, "सॉरी हं, एवढी गाडी लावते आणि निघते."

काकू टेस्ट पास झाल्या. त्या दिवशी ताईला भेटायला आल्या, त्या मिस्टरांना मागच्या सीटवर बसवून.

*

शेवटचा किस्सा.

ताईला घरी आणलं होतं. डॉक्टर काही सांगत नव्हते, म्हणजे सगळं सांगत होते. एका सकाळी ती म्हणाली, "दिप्या, एक क्लास घेऊ दे."

"कुणाचा?"

"तुझा. अजून तुला काही येत नाही."

आई नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. तावडे काकांकडे गेलो, त्यांनी चावी दिली आणि तोंड फिरवलं. ताईला उचलून डावीकडे बसवलं. पाठीला उशी, वर पट्टा. केवढी हलकी झाली होती.

गोराई जेट्टीच्या बाजूला, रिकाम्या रस्त्यावर गेलो. मी आयुष्यात एवढी वाईट गाडी चालवली नव्हती! गचके दिले, बंद पाडली, वळताना स्वतःच आडवा झालो, आपलाच हॉर्न ऐकून डोळे मिटले. ताई कुजबुजल्यासारखी बोलत होती, पण सोडत एकही चूक नव्हती. "आरसा. आरसा बघ, मेल्या. गिअर काय उपटून घरी न्यायचाय?"

पुढे रस्ता संपत होता, तिथे एक भिंत होती. मी गाडी तिकडेच घेतली.

ताईचा पाय ब्रेकवर गेला. मला दिसला. ती दाबत होती, ओठ आवळून दाबत होती. माझ्या बाजूचा पेडल जागचा हलला नाही.

मी माझा पाय ठेवला. हळू, हळू दाबला. तिच्या पायाखालचा पेडल खाली गेला, आणि त्याच्याबरोबर तिचा पाय. गाडी लोण्यासारखी थांबली. भिंत अजून लांब होती.

ताईने माझ्याकडे बघितलं. "कळलं तुला?"

"काय?"

"मी थांबवली ते."

"हट्! तू कुठे? मीच थांबवली!"

ताईने मान मागे टेकवली, डोळे मिटले आणि अशी हसली, अशी हसली! "पास," म्हणाली.

तिचा पाय अजून पेडलवरच होता. मी माझा काढला नाही. तिचा आपणहून निघेपर्यंत तसाच दाबून बसलो.