गिटारच्या चपट्या तारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, बदलापूरच्या बहिणीला नाही, आणि रोज शिवमंदिरात जाऊन ज्याच्यापुढे हात जोडते त्या महादेवालाही नाही. त्याला आपसूक कळलं असेल तर कळो – मी तोंडाने बोललेली नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आम्हाला ओळखत नाही म्हणून असेल. की आता विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून? जाऊ दे. सांगते.

आधी माझा स्वभाव ऐका. मी संशयी. नवरा म्हणायचा म्हणून नाही, मीच म्हणते. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणार. नणंदेने साडी दिली तर ती उलटी करून डाग शोधणार. कुणी जरा गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकलीच! लग्नानंतर अंबरनाथला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोरगी हुशार आहे. मी दोन दिवस विचार करत बसले – असं का म्हणाल्या असतील?

आणि नवरा मिळाला तो असा. आमचे हे साधे, बोलके, भेटेल त्याच्याशी गप्पा मारत उभे राहणारे. दिवसा कारखान्यात कारकुनी, संध्याकाळी गिटार. हो, गिटार! आमच्या आळीत पेटी होती, तबला होता, भजनाचे टाळ होते. गिटार एकट्या ह्यांची. लढाईच्या काळात हे लष्कराच्या कल्याण कॅम्पात गोदामावर होते. तिथल्या एका गोऱ्या सोल्जरने ह्यांना वाजवायला शिकवलं आणि मायदेशी जाताना गिटार ह्यांच्या गळ्यात घालून गेला. पोट सुटलेल्या माणसासारखी फुगीर गिटार, अंगावर दोन वाकडी भोकं. मी तर पहिल्यांदा हसलेच.

पण वाजवायचे छान. इंग्रजी नाचाचं संगीत, जॅझ म्हणतात त्याला. शनिवारी मुंबईला एका हॉटेलात गोव्याच्या रोझारिओ मास्तरांचा बँड असायचा, त्यात कुणी आजारी पडलं की ह्यांना बोलावणं यायचं. मी स्वयंपाकघरात आणि हे ओटीवर, असं आमचं चालायचं. जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली असते ना, खरखरीत, तिच्यावरून बोट सरकलं की चीं असा आवाज होतो. मला सुरांमधलं काही कळत नव्हतं, पण ते चीं कळायचं. मनासारखं वाजलं की हळूच, चुकलं की जोरात. भाकरी थापता थापता मला ह्यांचा मूड कळायचा. मला ते आवडायचं – हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, तेही आज तुम्हालाच सांगतेय.

तर झालं काय, मास्तरांनी गिटारला विजेचा भोंगा जोडला. लगेच ते चीं अख्ख्या हॉलभर ऐकू यायला लागलं. मास्तर म्हणाले, चपट्या तारा लाव. त्यांच्यावर तारेऐवजी पट्टी गुंडाळलेली असते, फितीसारखी. बोट फिरवलं तर गुळगुळीत. सूर दबका, जाडसर, आणि चीं अजिबात नाही. चपट्या तारा लावून ये, परीक्षा दे, पसंत पडलास तर कायमची जागा. हे घरी आले ते हवेतच. इंदू, म्हणाले, आता त्या फायलींची धूळ नको! मी मात्र भलताच हिशेब मांडत होते. दर रात्री हॉटेल, नाचणाऱ्या बायका, दारू – आणि वर तार अशी की आवाज नको? ज्याला आवाज नको असतो त्याला काहीतरी लपवायचं असतं, असं माझं डोकं चाललं. हसू नका. तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं होतं.

विलायती माल तेव्हा बाजारात मिळायचा नाही. मिळायचा तो कॅम्पात, म्हणजे उल्हासनगरात. फाळणीनंतर सिंधी लोक लष्कराने सोडलेल्या त्याच कॅम्पाच्या बराकींत येऊन राहिले होते आणि एकेका खोलीत गोणपाटाचे पडदे लावून दोन-दोन घरं. त्यातल्या एका पडद्याआड लाजवंती म्हणून बाई फणी, पेनं, सुया, काय काय विकायची. तिचा भाऊ सिंगापुरात दुकानावर होता, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर माल पाठवायचा. त्यात गिटारच्या तारा. तिचा नवरा दिवसभर मुंबईत फेरीवर. म्हणजे दिवसा बाई एकटीच, ही चौकशी मी आधी करून ठेवली होती.

तारा घेणं म्हणजे एका दिवसाचं काम, नाही का? पण हे गेले, पुन्हा गेले, परत गेले. कारण विचारलं तर उत्साहाने सांगायचे. कॅम्पात लोक साधीच तार पॉलिश कागदाने घासून चपटी करतात आणि विलायती म्हणून देतात. दिसायला सारखीच, पण घासताना आतून कमजोर होते, ताणली की तुटते. म्हणून नीट निवडावी लागते. नखाने खरवडून बघायची, बोटाला भुकटी लागते का बघायचं, मग एक टोक खाटेच्या पायाला बांधायचं आणि ताणून बघायचं.

मी बाकी काही ऐकलंच नाही. खाट?

त्या बाईच्या खोलीत खाट, आणि हे त्या खाटेपाशी बसून तारा ताणतात? शिवाय सदऱ्यावर पापडाचा चुरा. मी विचारलं तर म्हणाले, अगं, त्यांच्यात कुणी आलं की पाण्याबरोबर पापड देतात, रीत आहे. ती मला भाऊ म्हणते. भाऊ! आता भाऊ म्हटलं की झालं का? उलट भाऊ म्हणते म्हणूनच मला जास्त खुपलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि वरून मी शांतपणे वरण वाढायची.

शेवटी एकदाच्या तारा आल्या. ह्यांनी देवासमोर ठेवल्या, मग चढवल्या. चपट्या तारांना बसायला वेळ लागतो म्हणे, म्हणून परीक्षेच्या पुष्कळ आधी चढवल्या. त्या संध्याकाळी ओटीवर गिटार वाजली आणि मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी. काहीच नाही. नुसते सूर, गोधडीतून आल्यासारखे. मधे माणूसच नाही. ते खूश आहेत की चिडलेत, काही कळेना. ती बाई माझ्या घरात येऊन बसली असं मला वाटलं.

आता इथे मी नेहमी अडखळते. मनातल्या मनातसुद्धा.

विळीवर कैरी चिरून विळी तशीच ठेवली तर काय होतं, तुम्हाला माहीत असेल. पातं काळं पडतं, मग गंजतं. आंबट आणि मीठ लोखंडाला खातं, हे बायकांना शिकवावं लागत नाही. बदलापूरहून माहेरची चिंच आली होती. हे कारखान्यात गेले, दुपारी घर शांत झालं, आणि मी वाटीत चिंच कोळली, मीठ घातलं, आणि खाली जिथे तारा घोडीवर टेकतात तिथे बोटाने लावली. थोडा वेळ ठेवली, मग पुसून काढली. एकदाच. रागाच्या भरात.

खोटं. बघा, आत्तासुद्धा जीभ खोट्याकडेच वळली. एकदाच नाही हो. रोज. रोज दुपारी, भांडी घासून झाली की. राग असा रोज ठरल्या वेळी येतो का कधी? मला ठाऊक होतं मी काय करतेय. पट्टीच्या फटीत जावं म्हणून मी कापसाची वात करून घेतली होती. संध्याकाळी हे गिटार मांडीवर घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या हातात चहा द्यायची.

परीक्षेला गेले ते नवा सदरा घालून. मी दही दिलं हातावर. रविवारी सकाळी परत आले, गिटार भिंतीला टेकवली आणि झालेलं सांगितलं. पहिल्याच गाण्यात मधे तार तुटली. ती बदलून वाजवायला गेले तर शेजारची तुटली. मास्तर चांगला माणूस, ओरडला नाही. फक्त पुढच्याला बोलावलं. वांद्र्याचा कुणी मुलगा होता, त्याला घेतलं.

माझी सुटका झाली असं वाटलं का मला? वाटलं. खरं सांगते, पहिली घटकाभर वाटलं. मग ह्यांनी तुटलेली तार उजेडात धरली, टोकाशी काळं पडलं होतं ते बघत राहिले, आणि मी घाबरले. त्यांच्या मनात काही नव्हतंच, त्यांच्या मनात कधी काही नसायचं. मी म्हणाले, "कॅम्पातलाच ना माल?" एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. माझ्यातला संशय मी त्यांना दिला – आणि त्यांनी तो घेतला.

त्याच दिवशी ते कॅम्पात निघाले. मीही बरोबर गेले. कशाला? तिला बघायला, दुसरं काय!

बराकीतली खोली. पडद्याआड सासू खोकत होती. लाजवंती जमिनीवर बसून पापड लाटत होती, हात पिठाने भरलेले, चष्म्याची काडी तुटून तिथे दोरा बांधलेला. माझ्या आईच्या वयाची बाई. खाटेवर सुयांचे आणि पेनांचे खोके रचलेले, माणसाला बसायला जागा नाही. मी उंबऱ्यातच थांबले. बाई गं, मला जमिनीने गिळावं असं झालं. पण गिळलं नाही, आणि मी बोललेही नाही.

ह्यांनी तार तिच्यासमोर टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांचा आवाज चढलेला ऐकला. फसवलंस, म्हणाले, माझी जागा गेली तुझ्यामुळे. ती आधी ठामपणे म्हणाली, "असली है भाऊ, झुलेलाल की कसम." तिने हात पुसले. तार उचलली, नखाने खरवडली, वाकवून बघितली, डोळ्यांजवळ नेली. मग ते काळं टोक तिने जिभेला लावलं.

आणि तिने माझ्याकडे बघितलं.

घर चालवणारी बाई ती. जिभेवर चिंच आणि मीठ आलं तर तिला कळणार नाही? ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, कसल्याच भावाने नाही, मी कोण ते ओळखायला बघितल्यासारखी. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलेल, संपलं सगळं. ती ह्यांच्याकडे वळली. म्हणाली, "माल खोटा था, भाऊ. मेरी गलती. माफ करो." मग उठून तिने आम्हाला पाणी दिलं, पापड भाजून दिला. ह्यांनी हात लावला नाही. मी पाणी प्यायले.

का म्हणाली असेल ती तसं? माझं घर मोडू नये म्हणून? मला तेव्हा हे सुचलंही नाही. मला वाटलं, हिने माझी शेंडी हातात ठेवली. आता ही येणार, काहीतरी मागणार. कित्येक महिने दार वाजलं की मी दचकायची. ती कधी आली नाही.

पण ह्यांनी कानाला खडा लावला आणि सगळ्यांना सांगत सुटले. बँडवाले, कारखान्यातले, कॅम्पाजवळच्या शहाड स्टेशनवर भेटेल तो. त्या बाईकडून काही घेऊ नका, फसवते. लोकांनी घेणं बंद केलं. पुढे कळलं, तिने दुकान काढून टाकलं आणि ती दुसऱ्या कुणाचे पापड लाटते. मी ऐकलं आणि – कुकर नव्हता तेव्हा – चुलीवर भात वाफेला ठेवला होता, तो बघायला आत गेले.

मास्तरांनी ह्यांना पुन्हा बोलावलं नाही. हे फायलींमध्येच म्हातारे झाले. गिटार अधूनमधून वाजवायचे, मग तेही कमी झालं. आणि आणखी एक गोष्ट – हा माणूस संशयी झाला. भाजीवाल्याशी हुज्जत, भावाशी वाद, लेकीच्या सासरच्यांवर अविश्वास. नातेवाईक म्हणायचे, इंदूच्या सहवासाने बिघडला. चेष्टेत म्हणायचे. मीही हसायची.

शेवटच्या आजारपणात एकदा दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, कधीकधी वाटतं, ती कॅम्पातली बाई खरंच बोलत होती. कसमसुद्धा घेतली होती तिने. मी तिचं नाव खराब केलं की काय? शोधायला हवं तिला, माफी मागायला हवी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोलीत आम्ही दोघंच. सांगायला दुसरी वेळ मिळणार नाही हे मला दिसत होतं.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "छे हो. मालच खोटा होता."

ते पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.