बाबांना दिसलेला शब्द

आमच्या घरात ना देव्हारा, ना अंगारा. संकेत, आभास वगैरे मी कधीच मानले नाहीत. पण मागच्या हिवाळ्यात सौंसरच्या बसस्टँडवर जे झालं...

माझे वडील नगरपालिकेतून निवृत्त झालेले. मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि त्यांचं वाचन गेलं. बोलणं, चालणं ठीक, अक्षरंही ओळखायचे, पण अक्षरांचा शब्द जुळेना. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आपण शब्द चेहऱ्यासारखा एकदम ओळखतो — यांची ती ओळखच पुसली गेली आहे. सराव म्हणून मी त्यांना सकाळी स्टँडवर पाट्या वाचायला न्यायचो.

त्या दिवशी छिंदवाड्याची बस लागली होती. बाबा पाटीकडे पाहून न अडखळता म्हणाले, "सुनंदा."

सुनंदा माझी धाकटी बहीण, पांढुर्ण्याजवळ दिलेली. मी म्हटलं, बाबा, एकेक अक्षर वाचा. त्यांनी वाचलं — छिं, द, वा, डा. अगदी बरोबर. मग शब्द कोणता?

"सुनंदा."

समोर संत्र्याच्या कलमांची पाटी होती. तिथंही तेच. अक्षरं पाटीवरची, शब्द मात्र सुनंदा. मला वाटलं, आजार वाढला. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "अक्षरं नोको इचारू आता. पोरगी बलावून राहिली."

तिला फोन लावला, कुणी उचलला नाही. बाबा ऐकेनात, म्हणून आम्ही मिळेल त्या बसनं निघालो. पांढुर्ण्यात उतरतो तोच जावयांचा फोन — कापूस वेचताना सुनंदाला साप चावला, दवाखान्यात आणलंय. आम्ही पोचलो तेव्हा ती शुद्धीत होती. बाबा उशाशी बसले. संध्याकाळी ती गेली... तिचा हात त्यांच्या हातात होता.

जावयांना नंतर विचारलं. साप चावला तेव्हा आम्ही स्टँडवरच होतो.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. आजारी मेंदू एखाद्या शब्दावर अडकतो, म्हणाले. असेलही. पण तोच शब्द, त्याच वेळी का?

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे ती गेल्यानंतरच्या आदरांजलीच्या कार्यक्रमाला, दारात फोटोचा फ्लेक्स लावला होता. बाबा त्यासमोर गेले. फोटोखाली बोट फिरवत त्यांनी वाचलं — सु... नं... दा. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"काय लिवलं हाये रे हे?"