वकीलसाहेबांचे तीन श्वास

पांढरकवड्यात राहून मी फ्रीमेसन, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या एका गुप्त मंडळाचा सभासद आहे, हे कोणाला सांगायची सोय नाही. महिन्यातून एकदा लॉजवर जातो म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे; आमच्या शाखेला लॉज म्हणतात, हे त्याला कुठून माहीत असणार? हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणाऱ्या माणसानं काळा कोट घालून नागपूरची एसटी पकडायची, बंद दाराआड पाठ केलेलं इंग्रजी म्हणायचं आणि जेवून परत यायचं, हे मलाच अजून नीट कळलेलं नाही. वकीलसाहेबांनी ओढून नेलं आणि मी गेलो, एवढंच.

वकीलसाहेब आमच्याच गावचे, कधीचेच निवृत्त झालेले, लॉजमधले सगळ्यात जुने. नव्या सभासदाला उद्देशून म्हणायचं एक लांबलचक भाषण मला दिलं होतं, ते रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर ते मला शिकवायचे. कागद-पेन चालायचं नाही. एक वाक्य त्यांनी म्हणायचं, मग मी. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी वैतागलो. पुस्तक छापून मिळते ना, मग हा जाच कायले? तेव्हा त्यांनी जुनी हकिगत सांगितली. फार पूर्वी इंग्लंडात फ्रीमेसनांचे दोन गट भांडत होते. ते एक झाले आणि विधी सगळीकडे सारखाच हवा असं ठरलं, पण लिहायची बंदी होती. मग जाणत्यांची एक खास लॉज बसवली. ती विधी करून दाखवायची. ठिकठिकाणची माणसं येऊन बघायची, ऐकायची, डोक्यात भरून घ्यायची आणि घरी जाऊन आपल्या लोकांना शिकवायची. वाटेत कोणी विसरत नव्हतं काय, असं मी विचारलं, तर त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

त्या भाषणात मधेच एक थांबा होता. एक वाक्य संपलं की गप्प उभं राहायचं, नव्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं, तीन श्वास, मग पुढे. मी तसंच पाठ केलं.

पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणताना मी तिथे थांबलो आणि घोळ झाला. आमच्यात कोणी अडकला तर पुढचा शब्द पुरवायला एक जण बसलेला असतो. त्यानं झटकन शब्द पुरवला. मला वाटलं, मीच विसरलो. पुढचं सगळं ततपप. जेवताना जो तो सांगू लागला की तिथे थांबा नाहीच. दुसऱ्या लॉजचे पाहुणे होते, त्यांच्याकडेही नाही. पुस्तक उघडलं, तर पुस्तकात शब्द आहेत, श्वास कुठून असणार? एका ज्येष्ठानं मला बाजूला घेतलं. वकीलसाहेब हल्ली विसरतात, म्हणाला. तिथे ते स्वतःच अडकत असतील आणि तू त्याला विधी समजलास. त्यांच्याकडून शिकवणं आता काढून घ्यावं लागेल.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. विसरत तर ते होतेच. मागच्याच रविवारी त्यांनी माझ्या वडिलांची तब्येत विचारली होती. वडील जाऊन चार वर्षं झाली, आणि खांदा द्यायला वकीलसाहेब स्वतः होते. पण भाषणातला एक शब्द कधी इकडचा तिकडे होत नव्हता. मग खरं काय मानायचं?

पुढच्या रविवारी गेलो, तर ते ओसरीवर कोट घालून बसलेले. लॉजमधल्या कोणीतरी फोन करून थांब्याचं सगळं सांगितलं होतं. माझ्या गुरूनं मले असंच शिकवलं, कालची पोरं मले काय सांगतात, असं बराच वेळ चाललं. मग राग उतरला आणि आवाज बारीक झाला.

"खरं सांग मले. तुले पहिल्यांदा शिकवलं तवा हा थांबा होता, का मागून आला? तुझ्याशिवाय कोणाले विचारू?"

मी आठवू लागलो. पहिला रविवार आठवला, चहा आठवला, बशीला गेलेला तडाही आठवला. थांबा काही आठवेना. लिहिलेलं तर काहीच नव्हतं. त्यांची आठवण तपासायला माझीच आठवण, आणि तिथे नेमका खड्डा. मी घाबरलो.

"पहिल्यापासून होता," मी म्हणालो. "तुम्ही बोटं वर करून मोजून दाखवलं होतं."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, चल, म्हण पहिल्यापासून.

मग माझा इलाजच नव्हता; लॉजमध्येही मी तेच सांगितलं. दरवेळी मी तिथे थांबतो, आणि शब्द पुरवणाराही आता गप्प बसतो. वकीलसाहेब आता मला ओळखत नाहीत. यंदा ते भाषण नेरच्या एका मास्तरला शिकवायचं माझ्याकडे आलं. त्यानं विचारलंच, पुस्तकात नाही, मग हे तीन श्वास कुठले? वकीलसाहेबांनी बोटं वर करून मोजून दाखवले होते, मी म्हटलं, आणि बोलताना मला ती बोटं लख्ख दिसली, मधल्या बोटावरच्या शाईच्या डागासकट. पुढे काय बोलायचं तेच मला सुचेना.

मी अडकलोय हे मास्तरला कळलं नाही. त्याला वाटलं, मी थांबा करून दाखवतोय. तो माझ्या डोळ्यांत बघत श्वास मोजत राहिला.