अपिलातलं पहिलं कारण

अपिलासाठी कोणी आलं की भालेराव सर आधी फाइल उघडत नसत. समोरच्याला पाणी देत आणि विचारत, "कोर्टात खोटं काय बोललात, ते पहिले सांगा." नातेवाईक चपापत. मी बुऱ्हाणपूरच्या कोर्टात त्यांची ज्युनिअर वकील, मला कारण माहीत होतं.

सुखदेव निंबोला गावचा ट्रक ड्रायव्हर, केळी भरून दिल्लीला नेणारा. त्याच्या व्यापाऱ्याच्या दुसऱ्याच ट्रकमध्ये घडांखाली गांजा सापडला. सुखदेवकडे काहीच मिळालं नाही, पण व्यापाऱ्याला त्याचे रोज फोन होते, म्हणून त्यालाही आरोपी केलं. आता इथला ड्रायव्हर सकाळी फोन लावणारच. कापणी कोणत्या शेतात आहे, गाडी कधी लावू, हे विचारल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही. ते सरळ सांगायचं सोडून त्याचे वकील असलेल्या सरांनी त्याला शिकवलं, "व्यापाऱ्याला ओळखतच नाही म्हण. सगळे असंच म्हणतात." फोनची यादी फाइलमध्ये असतानाही! ओळख लपवतो म्हणजे कटात सामील, असं कोर्टानं धरलं. दहा वर्षांची शिक्षा झाली.

त्याची बायको रेखा अपिलासाठी आली, तेव्हा सरांनी मला मजकूर सांगितला, "पहिलं कारण लिही. आरोपीनं ओळख नाकारली, ती त्याच्या वकिलाच्या, म्हणजे माझ्या सांगण्यावरून."

"सर, बारमधल्या वकिलांना तोंड कसं दाखवाल?"

"तोंडाचं मी बघून घेईन. तू टाइप कर."

जबलपूरच्या हायकोर्टातल्या वकिलांनी ते खोडायला सांगितलं. सरांनी खोडू दिलं नाही. इकडे लोक हसले, काही पक्षकार तुटले. सर चिडचिड करायचे, पण आम्हा ज्युनिअरांवर. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटला.

अपील चालायला सहा वर्षं गेली. नुसत्या फोनवरून कट ठरत नाही, असं म्हणून हायकोर्टानं सुखदेवला सोडलं.

गुडघे दुखत असूनही सर जेलच्या दारात गेले. रेखा आणि मी सोबत होतो. सुखदेव पाया पडायला वाकला, तसे सर मागे सरकले.

"नको रे. सहा वर्षं माझ्यामुळं गेली तुझी."

सुखदेव सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "हाव साहेब, तुमच्यामुळंच गेली. रोज शिव्या द्यायचो तुम्हाले. मंग रेखानं सांगितलं, तुम्ही सोताची गलती कागदावर लिहून दिली. तवापासून बंद केल्या."

सरांनी मान हलवली. त्याची पिशवी उचलली आणि बसस्टँडपर्यंत कोणालाही घेऊ दिली नाही.